वाहत्या पाण्याचा परीक्षक

तलावांच्या शहरांत राहणाऱ्या माणसाला पाण्यांतील किड्यांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाकांठीं पावसाळा सरतां सरतां फेरफटका करावा, तर चतुर घिरट्या घालीत असतात, निवळ्या पाय न बुडवितां पाण्यावरून सरसर धांवत असतात, आणि कोणाच्या अंगणांत उघड्यावर राहिलेल्या कुंडींत डासांच्या अळ्या डोकें खालीं करून लोंबत असतात. हे सारे संथ पाण्याचे रहिवासी होत. परंतु कीटकसृष्टींत असाही एक किडा आहे, कीं संथ पाणी म्हणजे त्याला मरणच. तो सक्करदऱ्याच्या तलावांत नाहीं, अंबाझरींत नाहीं, आणि शहराचें सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग नदींत तर नाहींच नाहीं. तो पाहावयाचा असेल तर डोंगराच्या अंगावरून दगडांना धडका देत उतरणाऱ्या निर्मळ ओढ्याकडे जावें लागतें. तो तेथेंच कां राहतो आणि येथें कां राहूं शकत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या शरीराच्या घडणींत आहे. आणि तें उत्तर एकदां कळलें, म्हणजे आपण पितों त्या पाण्याकडेही आपण वेगळ्या दृष्टीनें पाहूं लागतों. घरांतील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांमुलींपर्यंत सर्वांस त्याचा परिचय व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

नांव आणि कुल

इंग्रजींत या किड्याला स्टोनफ्लाय, म्हणजे 'दगडावरची माशी', म्हणतात. संस्कृतांत दगडास अश्मन् असा शब्द आहे. म्हणून या लेखापुरतें आम्ही त्यास अश्ममक्षिका म्हणूं. वस्तुतः ही माशी नव्हे. माशीला पंख दोन, अश्ममक्षिकेला चार. बुर्माइस्टर या जर्मन पंडितानें १८३९ सालीं या किड्यांचा स्वतंत्र गण मानून त्यास प्लेकोप्टेरा हें नांव दिलें. दोन ग्रीक शब्दांपासून तें बनलें असून 'वळ्या पडलेल्या पंखांचे' असा त्याचा भावार्थ करतां येईल. हिचे मागचे पंख पुढच्यांहून रुंद असतात. विसांव्याच्या वेळीं त्यांचा आंतला भाग हातपंख्याप्रमाणें चुण्या पडून मिटतो, आणि चारही पंख पाठीवर सपाट पडून राहतात. तेव्हां नांव सार्थच आहे.

आजवर या गणांतील साडेतीन हजारांहून अधिक जाती शास्त्रांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक थंड प्रदेशांतल्या. आपल्या देशांत हिमालयाच्या ओढ्यांतून या गणाचीं अनेक कुलें नांदतात; दक्षिणेकडे येऊं लागलें कीं तीं एकेक करून गळत जातात, आणि द्वीपकल्पांत मुख्यत्वेंकरून पर्लिडी हें एकच कुल उरतें. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत या कुलाच्या नेओपर्ला व फॅनोपर्ला अशा दोन प्रजाती आढळतात. त्यांपैकीं नेओपर्ला हिचें नामकरण नीडहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०५ सालीं केलें. आशिया, आफ्रिका व उत्तर अमेरिका अशा तीन खंडांत ती पसरलेली आहे. उष्ण देशांतही टिकून राहणारी म्हणून तिचें आम्हांला विशेष अगत्य वाटतें, व पुढील वर्णन प्रामुख्यानें तिला धरूनच केलें आहे.

या गणाची प्राचीनताही ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्या लाव्हारसाच्या थरांनीं सह्याद्रि घडला, ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. अश्ममक्षिकांच्या पूर्वजांचे अवशेष मात्र २५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सांपडले आहेत. म्हणजे आज ज्या काळ्या दगडाखालीं हा किडा बिऱ्हाड करून असतो, त्या दगडाहून त्याचें घराणें कितीतरी जुनें आहे.

शरीराची घडण

या किड्याचें जवळजवळ सर्व आयुष्य पाण्यांत, पंख फुटण्यापूर्वींच्या अवस्थेंत जातें. या अवस्थेंतील प्राण्याला आपण अर्भक म्हणूं. नेओपर्लेचें वाढलेलें अर्भक साधारणपणें सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, पिंवळट तपकिरी रंगाचें असतें, व त्याच्या डोक्यावर व पाठीवर गडद नक्षी असते. प्रथमदर्शनीं नजरेंत भरतो तो त्याचा चपटेपणा. डोकें चपटें, वक्षाचे तीनही भाग चपटे, पायांच्या मांड्यासुद्धां चपट्या. आणि सहाही पाय अंगाखालीं न राहतां दोहों बाजूंस पसरलेले. हा चपटेपणा निरर्थक नाहीं. ओढ्याचें पाणी कितीही वेगानें धांवत असलें, तरी दगडाच्या अगदीं अंगालगतचा पातळ थर घर्षणामुळें मंद असतो. त्या थरांत अंग दडवून बसणाऱ्यास प्रवाह उचलून नेऊं शकत नाहीं. पुराच्या वेळीं शहाणा मनुष्य भिंतीला धरून राहतो, तसाच हा प्रकार.

डोक्यावर पुढें दोन लांब, सुतासारख्या शृंगिका असतात. दगडाखालच्या अंधारांत चांचपून वाट काढण्याचें हें साधन. दोन मोठे संयुक्त डोळे बाजूंना, आणि त्यांच्या दरम्यान कपाळावर बारीक ठिपक्यांएवढे साधे डोळे. या कुलांतील बहुतेक प्रजातींत साधे डोळे तीन असतात. नेओपर्लेंत ते दोनच असतात, आणि तिला ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे. पायांच्या मांड्यांवर व नळ्यांवर केंसांची झालर असते. पायाचें पाऊल तीन पेरांचें असून त्याच्या टोंकाला दोन नख्या असतात. वाढत्या अर्भकाच्या पाठीवर पुढें फुटावयाच्या पंखांचे दोन जोड मिटलेल्या पाकळ्यांसारखे दिसतात. उदर दहा वलयांचें, आणि त्याच्या शेवटीं दोन लांब पुच्छतंतु.

नवशिका निरीक्षक एके ठिकाणीं हमखास फसतो. त्याच दगडाखालीं मेफ्लाय नांवाच्या अल्पायु माशीचीं अर्भकेंही राहतात, व तीं वरवर पाहतां अशींच दिसतात. परंतु त्यांच्या शेंपटीला बहुधा तीन तंतु असतात, पायाच्या टोंकाला एकच नखी असते, आणि कल्ले उदराच्या दोहों बाजूंना पानांसारखे हालत असतात. अश्ममक्षिकेस तंतु दोन, नख्या दोन, आणि तिचे कल्ले उदरावर नसून वक्षाच्या कडेला, पाय जेथें जोडले जातात तेथें, पांढुरक्या केंसांच्या झुबक्यांसारखे असतात. कांहीं जातींत गुदद्वाराशींही असेच झुबके असतात.

तोंडाकडे पाहिलें, तर हा सोंवळा प्राणी नव्हे हें तत्काळ कळतें. जबड्यांना तीक्ष्ण दांत असतात, व मेफ्लायचीं अर्भकें, चिलटांच्या अळ्या वगैरे आपल्याहून लहान जीव पकडून तो खातो. या गणांतील दुसरीं कांहीं कुलें मात्र शाकाहारी आहेत. ओढ्यांत पडलेलीं, कुजूं लागलेलीं झाडांचीं पानें कुरतडून तीं त्यांचा चुरा करतात, व तो चुरा खालच्या अंगाला राहणाऱ्या असंख्य बारीक जीवांना अन्न म्हणून मिळतो. या दोन परींनीं, कोणी शिकारी म्हणून तर कोणी सफाईवाला म्हणून, ओढ्याचा संसार हा गण चालवीत असतो.

श्वासाचें गणित

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें जीवन हेंही एक नांव दिलें आहे. परंतु पाण्यांत राहणाऱ्याचें जीवन पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर अवलंबून असतें, आणि तो पाण्यांत फार थोडा असतो. एक लिटर हवेंत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायु असतो. एक लिटर पाण्यांत, नेहमींच्या उष्णमानाला, जेमतेम सहा. त्यांतही पाणी जितकें तापेल तितका तो कमी. समुद्रसपाटीला शून्य अंशावरील एक लिटर पाणी १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु धरून ठेवतें. १० अंशांवर ११.३, २० अंशांवर ९.१, आणि ३० अंशांवर केवळ साडेसात. नागपूरच्या उन्हाळ्यांत उथळ तलावाचें पाणी किती तापतें हें सांगावयास नको.

शिवाय प्राणवायु हवेंत जितक्या वेगानें पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंदगतीनें तो पाण्यांत पसरतो. स्थिर पाण्यांत बसलेल्या प्राण्याच्या कल्ल्यांभोंवतींचा प्राणवायु संपला, कीं नवा लवकर येत नाहीं. ज्यांचे कल्ले उदरावर पंख्याप्रमाणें हालतात, ते स्वतःच वारा घालून घेतात. अश्ममक्षिकेच्या अर्भकाला हें साधत नाहीं. त्याचे कल्ले नुसते झुबके आहेत. पाणी त्यांच्यावरून वाहून नेण्याचें काम ओढ्यानें करावयाचें. दगडांवर आपटून फेंसाळणारें पाणी हवेंतून भरपूर प्राणवायु घेतें, आणि वाहत राहिल्यामुळें तो क्षणोक्षणीं कल्ल्यांपाशीं आणून पोंचवितें. यासाठींच त्याला थंड, वाहतें व दगडगोट्यांचें पाणी लागतें. त्याची ही निवड म्हणजे चैन नव्हे, शरीराची निकड आहे.

याची प्रतीति पाहावयाची असेल, तर ओढ्यांतील अर्भक पसरट बशींतल्या स्थिर पाण्यांत थोडा वेळ ठेवावें. कांहीं वेळानें तें सहा पायांवर अंग वर उचलतें, खालीं नेतें, पुन्हां वर उचलतें. अगदीं आखाड्यांत पहिलवान जोर काढतो तसें. पाहणाऱ्या मुलांना मोठी मौज वाटते. परंतु तो व्यायाम नसून गुदमरणाऱ्याची धडपड असते. अंग हालवून तें कल्ल्यांभोंवतींचें पाणी ढवळूं पाहतें. एवढें पाहून झालें, कीं त्यास ताबडतोब ओढ्यांत सोडावें, हें आम्ही मुलांना नेहमीं बजावून सांगत असूं.

रक्ताच्या बाबतींतही एक नवलाची गोष्ट अलीकडे उघडकीस आली आहे. बहुतेक कीटकांचें रक्त प्राणवायु वाहून नेण्याचें काम करीत नाहीं. तें काम शरीरभर पसरलेल्या बारीक श्वासनलिका करतात. परंतु २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दाखविण्यांत आलें, कीं पर्ला या युरोपांतील अश्ममक्षिकेच्या रक्तांत, खेंकड्यांच्या रक्तांत असतें तसें, तांब्याचा अंश असलेलें व प्राणवायु धरून ठेवणारें द्रव्य आहे. याच्या अगदीं उलट टोंकाला घाणेरड्या पाण्यांतील चिलटांच्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगांत आपल्या रक्तासारखें लोहयुक्त द्रव्य असतें, आणि प्राणवायु जवळजवळ संपलेल्या चिखलांतही त्या सुखानें राहतात. एक किडा जेथें वाढतो तेथें दुसरा मरतो. म्हणून कोणता किडा सांपडला यावरून पाण्याची जात ओळखतां येते.

पंख फुटल्यावर

अर्भक वाढतां वाढतां अनेकवार कात टाकतें. थंड देशांत या वाढीला एक ते तीन-चार वर्षें लागतात. उष्ण देशांत ती लवकर आटोपते. फुलपाखराप्रमाणें यांत कोशाची अवस्था नाहीं. दिवस भरले, कीं अर्भक पाण्याबाहेर येऊन एखाद्या खडकावर किंवा झुडपावर चढतें, पाठीवरचें कवच उभें फाटतें, आणि आंतून ओल्या पंखांची अश्ममक्षिका बाहेर पडते. रिकामी कात मात्र खडकाला तशीच चिकटून राहते; ओढ्याकांठचे खडक बारकाईनें पाहणाऱ्यास ती पुष्कळदां सांपडते. नेओपर्ला ही निशाचर. डोंगरावरील घरांच्या दिव्यांकडे ती रात्रीं ओढली जाते.

प्रौढावस्थेंतील हें आयुष्य फार थोड्या दिवसांचें, आणि पर्लिडी कुलांतील प्रौढ त्यांत बहुधा अन्नही घेत नाहींत. या गणांतील कित्येक जातींत नर आपलें उदर फांदीवर किंवा खडकावर आपटून ठेका धरतो, आणि जवळपास त्याच जातीची मादी असेल तर ती ठेक्यानेंच उत्तर देते. प्रत्येक जातीचा ठेका निराळा असल्यामुळें अंधारांतही घोंटाळा होत नाहीं. पुढें मादी अंड्यांचा पुंजका उदराच्या टोंकाशीं घेऊन पाण्याला स्पर्श करते; अंडीं सुटून तळाशीं जातात व चिकट असल्यामुळें दगडांना धरून राहतात. उडण्यांत मात्र ही जात दुबळी आहे. एका ओढ्यांतून ती नाहींशी झाली, तर डोंगराची धार ओलांडून पलीकडच्या ओढ्यांतून दुसरी येऊन तेथें वस्ती करील, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

बिनपगारी पाणी-तपासनीस

पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेंत होते. पण बाटलींत भरून आणलेलें पाणी त्या क्षणाचीच साक्ष देतें. गेल्या आठवड्यांत रात्रीं कोणी ओढ्यांत विषारी पाणी सोडलें असेल आणि तें वाहून गेलें असेल, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. ओढ्याच्या तळाशीं महिनोन्‌महिने राहिलेल्या किड्याला मात्र तो असतो, कारण तो त्यांतून वांचलेला असतो किंवा मेलेला असतो. हें तत्त्व धरून इंग्लंडांत १९७० ते १९८० या दशकांत पाण्यांतील किड्यांना गुण देण्याची एक पद्धति ठरविण्यांत आली. त्या पद्धतींत पर्लिडी कुलाला दहांपैकीं दहा गुण आहेत. चिलटांच्या अळ्यांना दोन, आणि गाळांतल्या तांबड्या कृमींना एक. ज्या ओढ्यांत दहा गुणांचा किडा नांदतो, तो ओढा परीक्षेंत उत्तम रीतीनें उतरला. आमच्यासारख्या ज्यांचा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला, त्यांना ही गुणपद्धति विशेष पटावी यांत नवल नाहीं. आपल्या देशांतही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें तिच्यांत फेरफार करून तिचा उपयोग केला आहे.

परंतु हा परीक्षक जगांत सर्वत्र मागें हटत आहे. मध्य युरोपांतील मोठ्या नद्यांतून कित्येक जाती विसाव्या शतकांत नाहींशा झाल्या. अमेरिकेंत माँटाना प्रांताच्या डोंगरांत हिमनद्या वितळून होणाऱ्या थंडगार ओढ्यांत राहणाऱ्या दोन जातींना तेथील सरकारनें २०१९ सालीं संकटग्रस्त म्हणून कायद्याचें संरक्षण दिलें. हवा तापत चालली असून ज्या हिमावर ते ओढे जगतात तेंच संपत आहे, हें त्याचें कारण. आपल्याकडे कारणें आणखी जवळचीं आहेत. कांठचीं झाडें तोडलीं कीं सांवली जाते व पाणी तापतें. उघड्या पडलेल्या उतारावरची माती वाहून येते व दगडांमधल्या फटी गाळानें बुजतात. मग त्या चपट्या शरीराला दडावयास जागाच उरत नाहीं. शेतांवर फवारलेलीं किडींचीं विषें ओढ्यांत उतरलीं, तर शेतांतील कीड आणि ओढ्यांतील कीटक यांत तीं भेद करीत नाहींत. हवा खाण्यासाठीं डोंगरावर गेलेलीं कुटुंबें झऱ्यावर साबण लावून कपडे धुतात आणि खरकटीं भांडीं घांसतात, तीही गोष्ट यांतलीच.

'एक किडा नाहींसा झाला, तर आमचें काय बिघडलें?' असें कोणी विचारील. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरांतून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्या निघतात, आणि लक्षावधि घरांचें पिण्याचें पाणी अशा डोंगरी ओढ्यांपासूनच सुरू होतें. उगमाशीं जें बिघडतें, तें खालीं आपोआप सुधारत नाहीं. आम्हां नागपूरकरांना तर याचा धडा दारांतच आहे. आपल्या नळांना पेंच व कन्हान या नद्यांचें पाणी येतें; तें आपण शुद्ध करून पितों, आणि वापरलेलें पाणी नाग नदींतून पुन्हां त्याच कन्हानेला खालच्या अंगाला परत करतों. पुढें कन्हान वैनगंगेस मिळते, आणि आपली घाण पवनीजवळच्या गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत पोंचते. ज्या शहरांत १९५८ सालापासून पाण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारी, आज नीरी या नांवानें ओळखली जाणारी, राष्ट्रीय संस्था आहे, त्याच शहराच्या नदींत एक-दोन गुणांचे किडेच टिकावेत, ही गोष्ट आम्हां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे. नाग नदींत अश्ममक्षिका आणून सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. सपाटीवरच्या उष्ण नदीचा तो रहिवासी नव्हे. पण निदान चतुराला व मेफ्लायला तरी तेथें राहावेंसें वाटावें, इतकी अपेक्षा कोणत्याही नदीबद्दल करावयास हरकत नाहीं.

निरीक्षण कसें करावें

पावसाळा संपून पाणी निवळलें, म्हणजे कार्तिकापासून पौषापर्यंतचे दिवस यासाठीं उत्तम. सह्याद्रींत कोठें जाणें झालें, तर बारमाही ओढ्याची खळाळती, घोट्याएवढ्या पाण्याची जागा पाहावी. तळाचा, दोहों हातांत मावेल एवढा दगड हळूच उचलून उलटा करावा, आणि त्याची खालची बाजू डोळ्यांजवळ धरून क्षणभर स्थिर राहावें. चपटें, दोन शेंपट्यांचें, खेंकड्यासारखें बाजूला सरकणारें कांहीं दिसलें, तर पांढऱ्या बशींत ओढ्याचेंच पाणी घेऊन त्यांत तें सोडावें. तंतु मोजावेत, नख्या पाहाव्यात, कल्ले कोठें आहेत तें शोधावें. मुलांनीं तारीख, स्थळ, पाण्याचा वेग व सांपडलेले किडे यांची नोंद वहींत करून ठेवावी. दरवर्षीं त्याच ओढ्याला, त्याच ऋतूंत जाणें झालें, तर पांच वर्षांची ती वही त्या ओढ्याचा इतिहासच होईल. विदर्भांतल्या वाचकांना सह्याद्रि दूर पडतो. त्यांनीं चिखलदऱ्याला जाण्याचा योग आला, तर मेळघाटांतल्या खळाळत्या ओढ्यांतही दगड उलटून पाहावा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानें पाळाव्यात. किडा बाटलींत भरून घरीं आणूं नये. वाटेंतच तो गुदमरून मरेल, आणि मेलेल्या परीक्षकाचा कोणाला उपयोग नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे, उचललेला दगड जसा होता तसाच, त्याच बाजूवर, त्याच जागीं परत ठेवावा. आपल्याला तो एक दगड वाटतो. त्याच्या खालच्या अंगाला कोणाचीं तरी अंडीं चिकटलेलीं असतात.